‘४९-ए, चॅलेंज व्होट, १४ टक्के’: तोच फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. केंद्रावर प्रत्यक्षात काय मागता येतं?

रेघोटी

निवडणूक जवळ आली की हा फॉरवर्ड न चुकता येतो. तीनच वाक्यं असतात. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९-ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणी मत टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि एखाद्या केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेले तर तिथे फेरमतदान होतं.

यातलं मधलं वाक्य खरं आहे, तेही अर्धंच.

४९-ए हे कलम नव्हे, निवडणुका घेण्याबाबतचे नियम, १९६१ मधला एक नियम आहे. आणि त्यात आहे काय, तर मतदान यंत्राची रचना: कर्मचाऱ्याकडचं कंट्रोल युनिट आणि मतदाराने बटण दाबायचं बॅलट युनिट. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना मत देऊ द्या असं त्यात लिहिलेलं नाही, आणि दुसऱ्याही कुठल्या नियमात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ सरळ सांगतं की मतदारसंघाच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याला मत देता येत नाही. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, सगळं घेऊन गेलात तरी उत्तर तेच.

१४ टक्के कुठून आले देव जाणे. फेरमतदान त्याच अधिनियमाच्या कलम ५८ आणि ५८-ए खाली होतं: यंत्र पळवलं, फोडलं, बिघडलं, मतदान दूषित होईल अशी गंभीर चूक झाली, केंद्र बळकावलं. ते ठरवतो निवडणूक आयोग, आणि त्याला टक्क्यांचं कुठलंही माप नाही.

हा धागा लोकसभा आणि विधानसभेपुरता धरू. महापालिका, नगरपालिका, झेडपी यांचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे काही गोष्टी बदलतात. त्या खाली कुणीतरी लिहाव्यात.

शंकासुर

मग ‘चॅलेंज व्होट’ ही चीजच नाही का? शब्द तर सरकारी कागदातही दिसतो.

दुसरा_अधिकारी

आहे, पण दिशा उलटी आहे. मतदार चॅलेंज मागत नाही, मतदाराला चॅलेंज केलं जातं. नियम ४९-जे. मराठी कागदात ‘आक्षेपित मत’.

केंद्रात बसलेल्या मतदान प्रतिनिधीला, म्हणजे बोलीभाषेतल्या पोलिंग एजंटला, वाटलं की समोरची व्यक्ती यादीतली ती व्यक्ती नाही, तर तो केंद्राध्यक्षांकडे २ रुपये भरून आक्षेप घेतो. होय, दोनच रुपये, आणि प्रत्येक आक्षेपाला वेगळे. केंद्राध्यक्ष त्या मतदाराला तोतयेगिरीची शिक्षा काय ते सांगतात, यादीतली नोंद वाचून दाखवतात, नाव-पत्ता नमुना १४ मध्ये लिहून त्यावर सही किंवा अंगठा घेतात. मग तिथल्या तिथे चौकशी. आक्षेप सिद्ध करायचा तो आधी घेणाऱ्याने. त्याच्याकडे काहीच पुरावा नसेल तर आक्षेप फेटाळतात आणि मतदार नेहमीसारखा यंत्रावर मत देतो. आक्षेप उगाच घेतला असं दिसलं तर २ रुपये जप्त. खरा निघाला तर मत नाही, आणि ती व्यक्ती पोलिसांच्या ताब्यात.

चौकशी फक्त ओळखीची असते, हे ध्यानात ठेवा. ‘हा आता इथे राहत नाही’, ‘हिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली’ हे मुद्दे यादी तयार होताना मांडायचे असतात. नाव यादीत आहे आणि माणूस तोच आहे, एवढं ठरलं की विषय संपला. नावात ‘शिंदे’चं ‘शिदे’ झालंय, वय ४१ ऐवजी ४७ छापलंय, असल्या छपाईच्या चुका केंद्राध्यक्षांनी दुर्लक्षित करायच्या असं नियमातच आहे.

मावळतीकर

टेंडर व्होटबद्दल ‘अर्धं खरं’ का म्हटलंय? आपल्या नावावर बोगस मत पडलं तर आपलं मत घेतात ना?

रेघोटी

घेतात, पण यंत्रावर नाही, आणि मतमोजणीत ते मोजत नाहीत. फॉरवर्ड हे दुसरं सांगत नाही.

नियम ४९-पी. मराठीत ‘प्रदत्त मत’. केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतात, समाधान झालं की कागदी मतपत्रिका देतात. बॅलट युनिटवर चिकटवलेली असते तशीच, मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहिलेलं किंवा शिक्का मारलेलं. प्रत्येक केंद्राला अशा साधारण २० दिलेल्या असतात. त्याआधी १७-बी या यादीत तुमची सही किंवा अंगठा. मग आडोशात जाऊन बाणाच्या फुलीच्या शिक्क्याने खूण करायची, घडी घालायची, केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते.

यंत्र का देत नाहीत? कारण तुमच्या अनुक्रमांकावर एक मत यंत्रात आधीच पडलंय. ते कुणाला गेलं हे कळायचा मार्ग नाही, म्हणून काढताही येत नाही. दुसरं घेतलं तर नोंदवहीतले मतदार आणि यंत्रातली मतं जुळणार नाहीत.

पाकीट पुढे उघडतं ते निवडणूक याचिकेत, उच्च न्यायालयाने सांगितलं तर. म्हणजे निकाल अगदी काठावर असेल तेव्हाच. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने हरले. त्या याचिकेत प्रदत्त मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बाकी ठिकाणी १७-बी चा उपयोग एवढाच की बोगस मत पडल्याची तुमच्या सहीची सरकारी नोंद राहते. ती सोडू नका. हुज्जत घालून बाहेर पडलात तर ती घटना कागदावर घडलेलीच नसते.

दुसरा_अधिकारी

त्याच्याही आधी एक पायरी आहे. ‘तुमचं मतदान झालंय’ असं पहिल्या टेबलावर सांगितलं जातं तेव्हा ते यादीच्या चिन्हांकित प्रतीवरच्या रेघेवरून. रेघ चुकीच्या ओळीवर पडू शकते. एकाच घरातले बापलेक, सारख्या नावाच्या दोन सुना, सलग छापलेले चुलतभाऊ, इथे हमखास. म्हणून शांतपणे म्हणा: १७-ए मध्ये माझ्या अनुक्रमांकासमोर सही आहे का, तेवढं बघा.

१७-ए म्हणजे दुसऱ्या टेबलावरची मतदार नोंदवही. त्यात यादीतला अनुक्रमांक, ओळखीच्या कागदाचा तपशील, सही किंवा अंगठा, शेरा असे रकाने असतात. तिथे तुमचा अनुक्रमांक आलाच नसेल तर रेघ चुकली आहे, आणि तुमचं मत यंत्रावरच व्हायला हवं. अनुक्रमांक आहे आणि सही भलत्याचीच आहे, तर मग प्रदत्त मत.

(जाता जाता: मराठी नमुन्यांवर अ-ब-क लावतात, हिंदीत क-ख-ग. त्यामुळे मराठी ‘१७-क’ म्हणजे सी आणि हिंदी ‘१७-क’ म्हणजे ए. उत्तरेकडचं पत्रक वाचून इथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नका. केंद्रावर ए-बी-सी म्हटलेलं सगळ्यांना कळतं.)

वाचनमात्र

यादीत नावच नसेल तर त्या दिवशी काहीच करायचं नाही?

रेघोटी

आधी ‘यादीत नाही’ आणि ‘या केंद्राच्या यादीत नाही’ यातला फरक तपासा. केंद्रं फोडली जातात, जोडली जातात, शाळेची इमारत तीच पण भाग क्रमांक बदलतो. ओळखपत्राच्या क्रमांकावरून मतदार पोर्टलवर किंवा आयोगाच्या अॅपवर शोधलं तर भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र मिळतं. १९५० वर फोन करता येतो. बाहेर बीएलओचं (केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) मदत टेबल असतं, त्यांच्याकडे अक्षरानुक्रमे यादी असते. आडनावावरून सापडलं नाही तर जुन्या आडनावाने, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने बघायला सांगा.

खरंच वगळलं असेल तर त्या दिवशी मत नाही. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजता यादीचं दार बंद होतं, त्यानंतर नाव घालताही येत नाही, काढताही येत नाही. म्हणून नवीन नावाचा अर्ज, नमुना ६, त्याच्या निदान दहा दिवस आधी गेलेला हवा, कारण हरकतींना मुदत द्यावी लागते. घर बदललं, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, या तिन्हींना आता नमुना ८. वगळण्याची मागणी नमुना ७. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यांचाही पटला नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी: आता १ जानेवारी ही एकच तारीख नाही. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात.

आणि मतदार ओळखपत्र घरात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

तळकोकण

कागदांबद्दल थोडं. बीएलओने घरी आणून दिलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून चालत नाही. ती फक्त क्रमांक शोधायला. पक्षाच्या मंडपात मिळणारी चिठ्ठीही तेवढ्यापुरतीच, आणि ती कोऱ्या पांढऱ्या कागदावर हवी. चिन्ह किंवा उमेदवाराचं नाव छापलेली चिठ्ठी खिशातून काढलीत तर आत घेऊ देणार नाहीत.

ओळखपत्र नसेल तर २०२४ च्या लोकसभेला १२ पर्याय होते: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, पेन्शनचा फोटोवाला कागद, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीचं सेवा ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी वगैरे. यादी दर निवडणुकीला आयोग जाहीर करतो, ती बघून जा. झेरॉक्स नको, मूळ कागद न्या. कॉलेजचं आयकार्ड किंवा रेशनकार्ड यात नाही.

दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं जुनं मतदार ओळखपत्रही ओळखीला चालतं, नाव मात्र इथल्या यादीत हवं. त्यावरचा फोटो ओळखू येईनासा झाला असेल तर वरच्यापैकी दुसरं काहीतरी सोबत ठेवा.

आखाती देशांतल्या मंडळींना: नमुना ६-ए भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला गावी यावं लागतं आणि ओळख फक्त मूळ भारतीय पासपोर्टनेच पटवावी लागते. ऑनलाइन मतदान होतं असं सांगणाऱ्या लिंका उघडू नका.

शंकासुर

नाव एएसडी यादीत आहे असं सांगून परत पाठवतात, ते बरोबर का?

दुसरा_अधिकारी

परत पाठवणं चूक. एएसडी म्हणजे घरभेटीत न सापडलेले, स्थलांतरित आणि मृत म्हणून टिपलेले. ती वेगळी यादी केंद्राध्यक्षांकडे असते, पण त्यामुळे मूळ यादीतलं नाव उडत नाही. तपासणी कडक होते इतकंच: केंद्राध्यक्ष स्वतः ओळखपत्र बघतात, १७-ए मध्ये सहीबरोबर अंगठाही घेतात, घोषणापत्र भरून घेतात. एवढं केलं की मत यंत्रावर. ‘मृत’ म्हणून टिपलेला माणूस समोर उभा असेल तर त्याला दुसरा पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण कर्मचारी नवखे असले की अडवतात. ‘घोषणापत्र द्या, मी भरतो’ एवढं म्हटलं की बहुतेकदा गाडी पुढे सरकते.

मावळतीकर

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठीवर भलतंच चिन्ह दिसलं तर?

रेघोटी

नियम ४९-एमए, २०१३ पासून. चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते: अनुक्रमांक, नाव, चिन्ह. बटण दाबताना बोटाकडे आणि लगेच काचेकडे बघा, कारण चिठ्ठी पडल्यावर दाखवायला काही उरत नाही.

भलतं दिसलं तर बाहेर न जाता तिथेच केंद्राध्यक्षांना सांगायचं. ते आधी बजावतात की तक्रार खोटी निघाली तर खोट्या माहितीचा गुन्हा लागतो. पूर्वी भादंवि १७७, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २१२, सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मग लेखी घोषणापत्र. १७-ए मध्ये तुमची दुसरी नोंद होते आणि केंद्राध्यक्ष व प्रतिनिधींच्या समोर तुम्ही चाचणी मत देता. चिठ्ठी चुकीची आली तर त्या यंत्रावरचं मतदान तिथेच थांबतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवलं जातं. बरोबर आली तर चाचणी मत कोणाला दिलं ते शेऱ्यात लिहून तुमची सही घेतात, आणि १७-सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात, नोंद करतात, म्हणजे मोजणीत ते वजा करता येतं.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. चाचणी मत सगळ्यांसमोर असतं, त्यामुळे तुमचं खरं मत ज्याला गेलं त्याचंच बटण दाबलं पाहिजे असं काही नाही. आणि तुमचं पहिलं मत जसं पडलं तसंच राहतं.

शंकासुर

पण खोटं ठरलं तर तुरुंग, ही भीती घालून तक्रारच होऊ द्यायची नाही, असा हा नियम आहे. एका मताला यंत्र चुकलं आणि पुढच्याला बरोबर चाललं तर सिद्ध कसं करायचं?

रेघोटी

आक्षेप रास्त आहे आणि त्यावर न्यायालयातही वाद झालेत. नियम आज असा आहे, म्हणून सांगितला. खात्री असेल तरच सही करा, ‘बहुतेक’ असेल तर नको.

वाचनमात्र

आजीला दिसत नाही. आत सोबत कोणी जायचं? एजंट ‘मी दाबून देतो’ म्हणतात.

तळकोकण

नियम ४९-एन. मतदार अंध असेल किंवा शारीरिक दुबळेपणामुळे चिन्ह ओळखता येत नसेल, बटण दाबता येत नसेल, तर सोबती नेता येतो. वय १८ पूर्ण हवं. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, तसं लेखी घोषणापत्र देऊन. नाव नमुना १४-ए मध्ये जातं आणि सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लागते, म्हणजे तोच माणूस पुन्हा दुसऱ्याला घेऊन आला तर दिसतं. लिहिता-वाचता येत नाही हे कारण मात्र पुरत नाही. मतदान कर्मचारी सोबती होऊ शकत नाहीत. सोबती कोण हे मतदाराने ठरवायचं, एजंटने नाही. आजीला ब्रेल येत असेल तर बॅलट युनिटवर बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात, आणि केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागता येते.

इतर कुणालाही आडोशात शिरता येत नाही. यंत्राशी काही छेडछाड चालली आहे किंवा मतदार फार वेळ आत आहे, अशी शंका आली तर केंद्राध्यक्ष जाऊ शकतात, आणि तेव्हा प्रतिनिधींना सोबत यायची मुभा असते. यंत्र कसं वापरायचं ते पुठ्ठ्याच्या नमुन्यावर, आडोशाबाहेर दाखवतात.

८५ च्या वरचे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले घरून मत देऊ शकतात. नमुना १२-डी, अधिसूचनेनंतर ५ दिवसांत. मात्र एकदा घरून मतदानाची नोंद झाली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे आजीला आधीच सांगा.

मावळतीकर

रांग लांबली आणि वेळ संपली तर? दरवर्षी वाद.

दुसरा_अधिकारी

वेळ संपताना जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, कितीही वाजोत. केंद्राध्यक्ष सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या रांगेच्या शेपटापासून सुरू करतात. १ नंबर शेवटच्या माणसाला. का, तर पुढून वाटत आले तर तोवर मागे आणखी दहाजण येऊन उभे राहतात. ५ वाजून ५५ मिनिटांनी पोचलात तर चिठ्ठी हातात पडेपर्यंत रांग सोडू नका, पाणी प्यायलाही नाही.

शंकासुर

नोटा आणि ‘मत द्यायचंच नाही’ एकच का?

रेघोटी

नाही. नोटा २०१३ च्या निकालानंतर आला, यंत्रावरचं शेवटचं बटण, गुप्त. नियम ४९-ओ वेगळा: १७-ए मध्ये सही झाल्यावर मत द्यायचं नाही असं सांगितलं तर तसा शेरा मारून सही घेतात. म्हणजे तुम्ही मत दिलं नाही हे उघड होतं. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी.

तळकोकण

स्थानिकचा विषय निघालाच आहे तर: तिथे व्हीव्हीपॅट नसतं, म्हणून ४९-एमए विसरा. मुंबई सोडून इतर महापालिकांत एका प्रभागातून बहुधा चार सदस्य, म्हणजे चार मतं, अ-ब-क-ड प्रत्येकी एक. झेडपीला दोन: एक जिल्हा परिषदेच्या गटाचं, एक पंचायत समितीच्या गणाचं. एक बटण दाबून बाहेर पडणारे खूप असतात. सगळ्या जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कुणीच नको असेल तर त्या जागेपुरता नोटा. २०२५ पासून नावापुढे दोन तारे दिसले तर ते ‘संभाव्य दुबार’. तिथे हमीपत्र भरून, ओळख पटवून मत देता येतं. तारे म्हणजे नाव कापलं असं नाही.

वाचनमात्र

सुट्टी? सिंधुदुर्गातल्या बांद्याहून गोव्यात कंपनीत जाणारे खूप आहेत. गोव्यात मतदान नसलं की मालक म्हणतो, आमच्याकडे कामाचा दिवस.

तळकोकण

१९५१ च्या त्याच अधिनियमाचं कलम १३५-बी. मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, मग तो धंद्यात, कारखान्यात, दुकानात कुठेही असो. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी. आयोगाने स्पष्ट केलंय की मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही हे लागू आहे. म्हणजे नाव सिंधुदुर्गात आणि काम गोव्यात असेल तरी. अपवाद: गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल असं काम. मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत, म्हणजे भीती शून्य. म्हणून कलम तोंडी सांगण्यापेक्षा दोन-चार दिवस आधी लेखी अर्ज द्या, ओळखपत्राची प्रत जोडा, पोच घ्या. नाही म्हटलं तर कामगार खात्याकडे किंवा १९५० वर. स्थानिक निवडणुकांना मात्र राज्य सरकारचा त्या वेळचा आदेश बघावा लागतो.

मावळतीकर

मोबाइलबद्दल कुणी लिहिलं नाही.

दुसरा_अधिकारी

आत न्यायचा नाही. २०२५ पासून आयोगाने दाराशी ठेवून घ्यायची सोय सुरू केली आहे, पण सगळीकडे ती व्यवस्थित असेलच असं धरू नका. मताचा फोटो काढला किंवा मत दाखवलं तर गुप्ततेचा भंग. ताकीद देऊनही ऐकलं नाही तर केंद्राध्यक्ष मत देऊ देत नाहीत आणि १७-ए मध्ये ‘मतदान कार्यपद्धतीचा भंग’ असा शेरा पडतो. ‘फोटो दाखव मग पैसे’ असं कोणी म्हणत असेल तर पैसे घेणाराही गुन्हेगार असतो, वर्षापर्यंत कैद.

केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार बंद, त्याच अधिनियमाचं कलम १३०. टोपी, उपरणं, बिल्ला हेही त्यात येतं. दंड २५० रुपये, पण तक्रार केली की निदान माणूस हटतो. क्रम असा: आधी केंद्राध्यक्ष, मग क्षेत्रीय अधिकारी, मग निवडणूक निर्णय अधिकारी. त्यांचे फोन नंबर केंद्राबाहेर लावलेले नसतील तर १९५० वर विचारा. बाहेरच्या प्रकाराचा फोटो किंवा व्हिडिओ आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या सोयीवर टाकता येतो, १०० मिनिटांत कारवाईची मर्यादा आहे. तो जागेवरूनच, अॅपमधूनच काढायचा. आधी काढलेला फोटो तिथे चढवता येत नाही.

वाचनमात्र

१७-सी ची प्रत मागू का संध्याकाळी?

रेघोटी

मतदाराला नाही मिळत. प्रतिनिधींना मिळते, आणि त्यांनी घ्यायलाच हवी. तुमच्या ओळखीचा कुणी एजंट बसणार असेल तर त्याला एवढंच सांगा: एकूण मतं, प्रदत्त मतपत्रिका किती वापरल्या आणि सीलचे क्रमांक, हे तिन्ही स्वतःच्या वहीत उतरवून मगच सही कर. मोजणीच्या टेबलावर तोच कागद समोर ठेवून आकडा जुळवतात.